डागी टॉवेल

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर तो रोज माझ्या शेजारी उभा असायचा. टॉवेलच्या कारखान्यात मागांना तेल घालायचं त्याचं काम. त्या तेलानं बोटं उतून फुटलेली, म्हणून चहाचा ग्लास तो दोन तळव्यांत धरायचा. सुट्टी झाली की हात डिझेलनं धुवायचा आणि वर मलाच समजवायचा, "तेलाला तेलच काढतंय की."

"हातमोजे देत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"देत्यात की. सायेब बघाय आलं की घालायचं, गेलं की परत कपाटात. खराब व्हत्यात न्हाय तर."

हातमोज्यांची काळजी घेणारी माणसं होती म्हणायची!

एक दिवस त्यानं सायकलला अडकवलेला नवा टॉवेल काढला आणि गालावर घासून पाहिला. हाताला मऊपणा कळत नाही, म्हणाला. लेबलावर लिहिलं होतं, 'बाळाच्या नाजूक त्वचेसाठी'. कोपऱ्यात तेलाचा काळा अंगठा.

"अंगठा माजाच. डागी निघाला, मग मलाच दिला. नातीसाठी नेतोय. नुसत्या हातानं उचलली की तिला टोचतंय, रडती. ह्यात गुंडाळून घेतली की गप ऱ्हाती."

मग अभिमानानं म्हणाला, "माल लई चांगला काढतो आमी."