जीताई आणि माझा पुढचा दात

जीताई माझ्याशी बोलायची. यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल. पण लहानपणीच्या तापात माझा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून डॉक्टर मला बघतात आणि सोबतच्या माणसाला विचारतात, "यांना काय होतंय?" शनिवार पेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड तपासलं आणि खर्च माझ्या भावाला सांगितला. तो आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून आम्ही बसनं शहराबाहेरच्या दातांच्या कॉलेजात गेलो. तिथे शिकणारी मुलं नावापुरत्या पैशांत काम करतात.

तिथे ही भेटली. शेवटच्या वर्षाची, नागपूरकडची, बोलताना सारखं 'जी' लावणारी. म्हणून घरी आम्ही तिचं नाव जीताई ठेवलं. पहिल्याच दिवशी तिनं भावाला बाहेर पाठवलं. "दात यांचे आहेत जी, आणि तोंडही यांनाच आहे. तुम्ही चहा घेऊन या." भाऊ मुकाट्यानं गेला. असा तो घरात कुणाचं ऐकत नाही.

माझा वरचा पुढचा दात ठणकत होता. मी मंडईबाहेर गजरे विकते. एका हातानं गजरा होत नाही, म्हणून दोऱ्याचं टोक मी पुढच्या दातांत धरते आणि डाव्या हातानं गाठी मारते. हे सांगायची मला लाज वाटत होती. तिनं विचारून विचारून काढून घेतलं. पुढच्या खेपेला मला दोरा आणि कळ्या आणायला लावल्या आणि स्वतः दातांत दोरा धरून बसली. चार कळ्या चुरगळल्या, पाचवी खाली पडली. मग म्हणाली, "मावशी, हा दात नाही जी, हे बोट आहे तुमचं. मूळ साफ करू, वर टोपी बसवू. वाचेल."

तिला सगळं कळलं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

ती फाटकापर्यंत मला घ्यायला यायची. माझी पिशवी आपल्या खांद्याला, आणि उजव्या बाजूनं मला धरायची. ती बाजू मी सहसा कुणाला धरू देत नाही. जिन्यात म्हणायची, "सावकाश जी, दात पळून जात नाही." पण काम सुरू होईना. दर वेळी गोळ्या द्यायची. "सूज उतरू द्या जी, मग बघू." सूज उतरायची, परत चढायची. असे दोन महिने गेले. भाऊ म्हणाला, "दुसऱ्या कुणाला दाखवू या का?" मी त्याच्यावर चिडले. इतकं माझं ऐकणारं माणूस सोडून कुठे जायचं?

मग एक दिवस तिनं सकाळीच बोलावलं. सगळी मुलं इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात होती. तिची परीक्षा होती. परीक्षेला खरा रोगी लागतो आणि तो ज्यानं त्यानं आणायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. दुसरी एक मुलगी तिला म्हणाली, "तुझी राखून ठेवलेली पेशंट हीच का गं?"

"हळू बोल ना," जीताई म्हणाली.

तिला दात काढून दाखवायचा होता. वाचवायचा नव्हताच.

परीक्षक वयस्कर होते. त्यांनी दात हलवून पाहिला. "बाई, इतके दिवस काय करत होता? दोन महिने आधी आला असतात तर वाचला असता. आता काढावाच लागेल."

जीताईनं माझा उजवा हात दाबला. त्या हातात जोर नाही, पण स्पर्श कळतो. तिची बोटं गार पडली होती. मी एक वाक्य बोलले असते तर तिचं वर्ष गेलं असतं.

"चुकलं माझं, साहेब," मी म्हणाले.

तिनं दात काढला. हात हलका होता, दुखलं नाही. परीक्षकांनी मान डोलावली. फाटकाशी ती रडली. "मावशी, तुम्ही बोलल्या नाही, लय उपकार झाले जी. मी नवीन दात बसवून देते." माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे काही बोलावं लागलं नाही. निकालानंतर ती गावी गेली. सुरुवातीला फोन उचलायची, मग उचलेनाशी झाली.

आता मी दोरा बाजूच्या सुळ्यात धरते. मान वाकडी करावी लागते, गजरे निम्मेच होतात. तिनं मला नुसतं फसवलं असतं तर विसरले असते. पण तिनं आधी माझं सगळं ऐकून घेतलं होतं. त्यानंतर मी माझ्याबद्दल कुणाला फारसं सांगत नाही.

परवा सुळा दुखायला लागला. परवडणारी जागा तीच, म्हणून परत तिथेच गेले. एक नवी मुलगी आली, गोड होती. तिनंही भावाला बाहेर बसवलं, माझं तोंड बघितलं आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी तिला विचारलं, "बाळ, तुझी परीक्षा कधी आहे?"