बारा मेट्रोनोम आणि कर्णिक सर

लॅबचं कपाट आवरायला काढलं की एक वस्तू शोधताना पाच हाताला लागतात. किस्स्यांचंही तसंच होतं. पार्ल्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबचा अटेंडंट होतो. शिक्षण आठवी, पण अवघड विषय बघितले पुष्कळ.

*

वाकोल्याची ग्लोरिया आमच्याकडे पीएचडी करायची. दोन आडव्या डब्यांवर एक फळी, फळीवर बारा मेट्रोनोम. गाण्याच्या क्लासात ताल मोजायला ठेवतात, ती टिकटिक यंत्रं. प्रत्येकाची चाल निराळी. फळी डोलते, एकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो. सगळ्यांना एका ठोक्यावर आणायचं, हा तिचा विषय.

मी विचारलं, "बाराही जणांना धरून ठेवायचं?"

"नाही ओ काका. दोघांनाच मोटर लावून धरायचं. बाकीचे आपोआप लायनीत येतात."

"हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पीएचडी न करताच कळलंय."

*

तिचे गाइड कर्णिक सर. डिपार्टमेंटमध्ये तीन घड्याळं, तिन्हींत वेगळी वेळ. मी नीट लावायला गेलो तर म्हणाले, राहू द्या तावडे, माझं मधल्यावर भागतं.

*

ग्लोरियाला सगळ्या प्रोफेसरांसमोर काम मांडायचं होतं. पण त्यांच्यातले कुठलेही दोघे कधी एका वेळी येत नसत. सरांनी नोटीस काढली, मग कडक नोटीस काढली. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, सगळ्यांचा नाद सोड, त्यांच्यातल्या जोशीबाईंना धर. त्या उठल्या की अख्खं डिपार्टमेंट चहाला उठतं. तिने एकट्या जोशीबाईंना तीनला बोलावलं. तीनला खोली भरली!

सर सव्वातीनला आले. म्हणाले, नोटीस लागू पडली.

*

मग तोंडी परीक्षा. ही हुकली तर रजिस्ट्रेशन रद्द, पाच वर्षं पाण्यात. ग्लोरिया बाहेरच्या परीक्षकांना आणायला स्टेशनवर गेली, तेवढ्यात सरांनी मला बोलावलं. म्हणाले, पाहुण्यांसमोर फळी हलते, बरं दिसत नाही, क्लॅम्प लावून टेबलाला आवळा. मी आवळली.

परीक्षा सुरू झाली, तरी बारा जण बारा वाटांनी टिकटिकत राहिले. सर परीक्षकांना थिअरी समजावत होते. ग्लोरियाचं लक्ष क्लॅम्पकडे गेलं आणि ती पांढरी पडली.

"काका, क्लॅम्प काढा."

"हात लावू नका, तावडे," सर म्हणाले.

मी मुळात सावकाश माणूस. त्या दिवशी मात्र लगेच वाकलो. फळी डोलायला लागली. एकेक ठोका दुसऱ्यात मिसळत गेला, आणि थोड्या वेळाने बाराही एकदम वाजू लागले.

परीक्षकांनी सहीसाठी पेन उघडलं. शेवटचं एकच विचारलं, "आता यांना परत बिघडवायचं असेल तर?"

ग्लोरियाने अगदी आदराने बाजूला हात केला.

"आमच्या सरांना विचारायचं."