दोन नंबरची झडप

पंपघरात त्याला सगळे वंगणदादा म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं. तिथून ते बाहेर यायचं कधी कारण पडलं नाही. एकवीस वर्षं काम एकच. पिण्याच्या पाण्याच्या टाकीखालच्या अरुंद भुयारात शिरायचं आणि झडपांच्या दांड्यांना तेल द्यायचं. दोन्ही खांदे भिंतींना घासत. मागे वळायचं तर आधी टोकापर्यंत जावं लागे.

काळ्या खनिज तेलाने त्याचे हात खाल्ले होते. मनगटापासून कोपरापर्यंत पुटकुळ्या, भेगा, रात्रंदिवस खाज. शेजारच्या गल्लीत दिलेली त्याची लेक आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन यायची, पण त्याच्याकडे द्यायची नाही. "बाबा, तिची कातडी अजून कोवळी आहे," एवढंच म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या जागी बियांपासून काढलेलं तेल आलं. पंपघराच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जुन्या तेलाचा थेंब पाण्यात पडला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. याचा पडला तर पाण्यातले जीवजंतू महिन्याभरात खाऊन टाकतात.

"म्हणजे दादांच्या घरी फोडणीला कमी पडलं तर इथूनच न्यायचं," फिटर म्हणाला.

सगळे हसले. साहेब थांबले, मग म्हणाले, "एक लक्षात ठेवा. हे तेल बसून राहिलं की चिकट होतं. वापरात नसलेली झडपसुद्धा दर शनिवारी पूर्ण बंद करायची, पूर्ण उघडायची. चुकायचं नाही."

दोन महिन्यांत हात निवले. एका सकाळी लेकीने काही न बोलता बाळ त्याच्या उघड्या हातांवर ठेवलं. तो अर्धा तास हलला नाही.

एक नंबरची झडप रोज चालायची. दोन नंबरची राखीव, भुयाराच्या टोकाला. तिचं चाक शंभरावर वेळा फिरवावं तेव्हा ती पूर्ण बंद होई. जुन्या तेलात ती सहा-सहा महिने पडून राही आणि हाक मारली की उठे. म्हणून पंपघराची रीतच पडली होती: एकची नोंद करताना त्याच पेनाने दोनचीही, न फिरवताच, करून टाकायची. आधीच्या वंगणवाल्याने त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. तेल बदललं. रीत बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्याच्याही नाही.

मंगळवारी एकचा दांडा वाकला. दुरुस्तीसाठी पाणी अडवायला म्हणून दोन बंद करायला गेले तर चाक जागचं हलेना. फिटरने चाकात पाइप अडकवून जोर लावला, पाइप वाकला. दांड्यावर तेल सुकून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. शेवटी अख्खी टाकी बंद ठेवावी लागली. गावाला दोन दिवस पाणी नाही.

गुरुवारी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. तेल सदोष, जुनं तेल पुन्हा सुरू करावं. खाली त्याच्या सहीची जागा.

त्याने दोनदा वाचलं. सही केली तर कुणाच्याच नोकरीला धक्का नव्हता. जाणार होते फक्त हात.

"साहेब, दोष तेलाचा नाही."

"मग?"

"दोन नंबर मी फिरवलीच नाही. एकही शनिवार."

साहेबांनी नोंदवही उघडली आणि त्याच्याकडे फिरवली. पानामागून पान त्याच्या सह्या. प्रत्येक सहीखाली 'प्रत्यक्ष तपासले', आणि त्याखाली साहेबांची सही.

"मी कधी खाली उतरलो होतो, सांगा."

त्याने वही मिटली.

"निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"चार वर्षं."

"मला दोन." साहेब उठले, दार लोटलं, परत येऊन बसले. "बसा, दादा." इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदा दादा म्हणाले. "हातमोजे मागवून देतो."

"हातमोजे चाकावर सटकतात, साहेब."

"माहीत आहे."

खोलीत पंपाची घरघर येत होती. पेन टेबलाच्या मधोमध पडलं होतं, कुणीच उचलत नव्हतं. मग त्याने उचललं.

"तारीख बुधवारची घाला. आज आपलं काही बोलणं झालं नाही," साहेब म्हणाले.

त्याने बुधवारची घातली.

बाहेर फिटर उभा होता. "सुटलात ना, दादा?"

"सुटलो," तो म्हणाला, आणि जुन्या तेलाचा ड्रम कुठे उतरवायचा ते दाखवायला त्याच्यापुढे चालू लागला.