आक्का, वास येस का?

रमणभाई दारात आले तेव्हा मी साड्यांचे धागे कापत बसले होते. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून आलेला गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा होता, म्हणून मान वर न करताच म्हटलं, बसा, चहा टाकते. ते बसले नाहीत. नुसते खोकले. तो खोकला माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यामागची गोष्ट पुढे सांगतेच... पण खोकला थांबल्यावरही ते दारातच उभे राहिले, तेव्हा माझी कात्री थांबली. "बेन, सुकाभाई गया," एवढंच म्हणाले. सुका म्हणजे माझा धाकटा भाऊ सुकदेव. सकाळीच दवाखान्यात त्याला दुधात भाकरी कुस्करून भरवून आले होते, आणि दुपारी तो नव्हता. ह्याला आता दीड महिना झाला.

आम्ही धुळ्याकडचे. मी लग्न होऊन सुरतेत आले, आणि दोन वर्षांनी सुकाला बोलावून घेतलं. आधी तो लूमवर होता, मग शहराचं सांडपाणी साफ करतात त्या केंद्रावर लागला. तिथं पाणी खाडीत सोडण्याआधी जंतू मरावेत म्हणून त्यात क्लोरीनचा वायू सोडत. तो वायू भरलेल्या माणसाएवढ्या लोखंडी टाक्या, त्यांना टोनर म्हणतात. सुकाचं काम त्या टोनरवर. नाक त्याचं असं की खोलीच्या दारात उभा राहून सांगायचा, आतून तिसऱ्याचा वॉल्व्ह गळतोय. खरं तर गळती शोधायला अमोनियात भिजवलेलं फडकं बांधलेली काठी असते. गळती असेल तिथं पांढरा धूर दिसतो. पण ती काठी नवशिक्यांची, तिला सगळे लाकडी नाक म्हणून हसायचे. रमणभाई त्याच्याच जोडीला. ते म्हणायचे, पगार सुकाभाईच्या नाकाला मिळतो, सुकाभाई नुसता सोबत येतो.

त्याचं घर माझ्या पुढच्या गल्लीत. घरात लेकरांना वास नको म्हणून खाकी शर्ट माझ्या ओट्यावर काढायचा, माझ्याच खुंटीला टांगायचा आणि दुसरा घालून पुढे जायचा. एकदा असाच चुलीजवळ पेपर वाचत बसला होता, मी नळावर गेलेली. परत आले तर डाळ करपून घरभर धूर, आणि हा आपला वाचतोय. मी म्हटलं, अरे, नाक कुठं ठेवून आलास? त्यानं पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "मनं नाक गयं, आक्का. कोणले सांगू नको." इतकी वर्षं थोडा थोडा वायू पिऊन पिऊन नाक मेलं होतं. कळलं तर टोनरवरून काढतील, आणि ते एकच तर काम येतं, त्यात तर मान आहे, असं त्याचं म्हणणं. मी थोरली. मी तेव्हाच त्याचा कान धरायला हवा होता. मी गप्प बसले.

मग आमचा रोजचा नेमच झाला. ओट्यावर आला की आधी शर्टाची बाही माझ्यापुढे धरायचा. "आक्का, वास येस का?" मी हुंगायची. काईच नही रे भाऊ, किंवा, आज थोडा येस. येतो म्हटलं की दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन एकटाच काठी फिरवायचा, वॉल्व्ह आवळायचा. केंद्रावरच्या लोकांना वाटे सुकाभाईचं नाक, आणि नाक होतं माझं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुकही वाटायचं.

एका संध्याकाळी वास नेहमीपेक्षा उग्र होता. मी सांगितलं. उद्या बघतो म्हणाला. सकाळी गेला तर रमणभाई आणि आणखी दोघं त्याच्या आधी येऊन दारात थांबलेले. त्यांच्यासमोर काठी घेतली असती तर त्यांनी विचारलं असतं, आज हे लाकडी नाक कशाला. म्हणून त्यानं जुन्या सवयीनं नाक वर केलं आणि म्हणाला, साफ आहे, चला. क्लोरीन जड, तो जमिनीलगत बसतो. रमणभाई टोनरपाशी वाकले आणि तिथंच कोसळले. सुका श्वास धरून आत गेला, त्यांना ओढून बाहेर आणलं, पण अर्ध्या वाटेत त्याचा श्वास सुटला... रमणभाईंना खोकला लागला तो तेव्हापासून. सुकाची छाती गेली तीही तेव्हाच.

त्याच दिवशी त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. फक्त माझं नाव घेतलं नाही. साहेब फार बोलले, पण काढलं नाही. तेव्हा तिथं नवे दिवे बसत होते. पाण्यात उरलेल्या क्लोरीननं खाडीतली मासळी मरते, आणि वस्तीत इतका वायू साठवायचा म्हणजे जिवाला घोर, म्हणून आता जंतू उजेडानं मारायचे. सुकाला त्या दिव्यांवर घातलं. मला तो एकदा दाखवायला घेऊन गेला. पाण्याच्या पाटात काचेच्या नळ्या, नळ्यांत दिवे, वर झाकण, आणि फटीतून हिरवट निळा उजेड. उघड्या डोळ्यांनी बघू नको म्हणाला. ह्या उजेडानं जंतू तसे मरत नाहीत, पण त्यांचा वंश वाढत नाही, बस. मी विचारलं, आणि ह्याला वास?

"ह्याला वास नाही, आक्का. आता नाक लागत नाही कोणाचं."

हे सांगताना तो हसला नाही. नळ्यांवर शेवाळ चढलं की उजेड मंदावतो. मग त्या बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं पुसायच्या. त्यासाठी माझी जुनी सुती लुगडी न्यायचा. काच ओरखडायला नको, म्हणायचा. लहान लेकराचं अंग पुसावं तसा पुसायचा.

शेवटचा टोनर ट्रकवर चढवून गेला त्या दिवशी तो माझ्या ओट्यावर आला, दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसला, आणि बाही पुढे केली. मी म्हटलं, अरे, आता कशाला? तरी हुंगली. तो म्हणाला, "हे दिवे सहा-सात वर्षांआधी यायला हवे होते." त्यानंतर महिनाभरात दवाखाना.

सुकाचे दिवस घातले त्या दिवशी रमणभाई आले होते. मी त्यांना ते सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. ते कोसळले त्याच्या आदल्या संध्याकाळी मला वास आला होता, आणि त्याचं नाक गेलंय हे मला ठाऊक होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, उठून जातील. ते उठले, खुंटीपाशी गेले, तो खाकी शर्ट काढला आणि बाही नाकाला लावून उभे राहिले. खोकला आला तो त्यांनी दाबला. "कंई नथी, बेन," म्हणाले, आणि शर्ट परत टांगला.

तो शर्ट अजून तिथंच आहे, मी धुतला नाही. सुकाची यायची वेळ झाली की धाग्यांचं काम बाजूला सारते आणि ओट्यावर जाते. बाही हातात घेते.

काईच नही रे भाऊ. आज काईच नही.