मामींची तीन दिवसांची मुदत

अख्ख्या अमेरिकेत ग्रीसच्या संसदेची काळजी वाहणारा मराठी माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामा मूळचे सांगलीचे. इंजिनियर म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात आले, तिथेच उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर रिकामे झाले. रिकामा माणूस टोमॅटो लावतो, नामस्मरण करतो, फार तर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. मामा अथेन्समध्ये कोणाचा पाठिंबा कोणाला मिळतोय ते बघत बसतात. मंडळाच्या गणपतीत शेजारी बसलेल्या माणसाला ते मोदकाचा पहिला घास तोंडात असताना विचारतात, "तीनशेच्या सभागृहात बहुमताला किती लागतात, सांगा?" त्या बिचाऱ्याला वाटतं, दिल्लीचं काही चाललंय. मी एकदा म्हटलं, "मामा, आपल्या महाराष्ट्रात काय कमी चाललंय?" तर म्हणाले, "तिथलं बघवत नाही गं. आपली माणसं आहेत ती. परक्यांचं कसं, मन लावून बघता येतं."

हे खूळ त्यांना पिझ्झाच्या दुकानात लागलं. आमच्या भागातली निम्मी पिझ्झाची दुकानं ग्रीक लोकांची. दोन हजार पंधराच्या जानेवारीत मोठं बर्फाचं वादळ येणार म्हणून मामा आधीच पिझ्झा आणायला गेले आणि तिथल्या टीव्हीवर त्यांनी पाहिलं, की कालपर्यंत एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन पक्ष, एक टोकाचा डावा आणि एक टोकाचा उजवा, हसतमुखाने हात मिळवून सरकार बनवताहेत. मामा थक्क झाले. दुकानदाराला त्यांनी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "ह्या लोकांना कंटाळूनच मी देश सोडला. मश्रूम घालू का?" पण मामांच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. बाहेर बर्फ पडत होतं, पिझ्झा गार होत होता आणि मामा घरी येऊन मामींना ग्रीसची राज्यघटना समजावून सांगत होते.

त्या घटनेतलं एक कलम त्यांना फारच आवडलं. निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळालं नाही, तर तिथे सगळ्यात मोठ्या पक्षाला बोलावून तीन दिवसांची मुदत देतात. तेवढ्यात इतरांचा पाठिंबा मिळवा आणि सरकार बनवा. नाही जमलं, तर दुसऱ्या पक्षाला तीन दिवस, मग तिसऱ्याला. तिघेही हरले, की काळजीवाहू सरकार आणि पुन्हा निवडणूक. मामा म्हणाले, "आपल्या घरात हेच पाहिजे." कारण त्यांच्या घरात कोणालाच बहुमत नव्हतं. म्हातारपण कुठे काढायचं, हा प्रश्न होता. मामांना श्रूजबरी सोडायचं नव्हतं. मामींना सांगलीला बहिणीच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. मुलगा अल्फारेटाला असतो, त्याचं म्हणणं की दोघांनी त्याच्याकडे यावं, जॉर्जियात बर्फही पडत नाही. तीन पक्ष, प्रत्येकी एक मत. दोन मतं एका बाजूला आली की सरकार.

तेव्हापासून दर जानेवारीत हा सोहळा होऊ लागला. राष्ट्रपती अर्थात मामाच. मामी म्हणायच्या, "पंचही हेच आणि बॅटिंगही ह्यांचीच." मुलगा फोनवरून भाग घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी "Baba, I'm returning the mandate, मला मीटिंग आहे" म्हणून मोकळा व्हायचा. ग्रीसमध्येही दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात असंच झालं. पक्षांनी हातात आलेली मुदत न वापरता लगेच परत केली, आणि मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. "दिलेली मुदत पुरती वापरावी. त्याला लोकशाही म्हणतात," असं ते भाजीवाल्या गुजराती बाईलासुद्धा सांगून आले.

मुदत ज्याच्या हातात, त्याला एक अधिकार मिळायचा. थर्मोस्टॅटचा. एरवी मामांच्या घरात हीटिंग सहासष्ट फॅरनहाइटवर. आम्ही त्यांच्याकडे जेवायला जाताना कोट काढायचा नाही हे ठरवूनच निघायचो. मामी आपल्या तीन दिवसांत ते शहात्तरवर नेऊन ठेवायच्या. पाठिंबा वगैरे त्या कधी मागायच्या नाहीत. स्वेटर काढून ठेवायच्या, सुती साडी नेसायच्या, शेंगदाण्याची चटणी कुटायच्या आणि मला फोन करायच्या, "ये गं, आपली सांगली सुरू झाली." आम्ही दोघी त्या उबेत चहा पीत बसायचो. मामा बनियनवर येरझारा घालत म्हणायचे, "ही सत्तेची मस्ती आहे." चौथ्या दिवशी सकाळी मामी पुन्हा स्वेटरमध्ये.

गेल्या जानेवारीत पहिली मुदत मामींची होती. पहिल्या दिवशी मी जाऊन चहा पिऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मामी कोचावर आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं. मुलगा अल्फारेटाहून आला, सगळं पार पडलं, लोक आले आणि गेले. घर गरम होतं, पण त्या दिवसांत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या ध्यानात आलं मार्चमध्ये. दर रविवारी मी डबा घेऊन जायची आणि घामाघूम होऊन परत यायची. मामा खिडक्या बंद करून बनियनवर बसलेले असायचे. थर्मोस्टॅट शहात्तरवर. एका रविवारी न राहवून मी तो कमी करायला हात पुढे केला, तर मामा म्हणाले, "हात लावू नकोस. मुदत तिची आहे."

मला वाटलं, ग्रीस बोलतंय. मी म्हटलं, "मामा, तीन दिवस कधीच झाले."

"तिसरा दिवस तिला मिळालाच नाही," मामा म्हणाले. "ह्या खेपेस मी तिला पाठिंबा देणार होतो गं. डिसेंबरात तिला दोन स्वेटर घालून पोळ्या लाटताना पाहिलं आणि मनात म्हटलं, पुरे झालं आता, जाऊ सांगलीला."

"मग सांगितलं का नाही?"

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगणार होतो. पहिल्याच दिवशी दिलेल्या पाठिंब्याला किंमत राहत नाही, असं मला वाटलं. त्या पिझ्झावाल्याला बोललो होतो मी. तो म्हणाला, बायको म्हणजे पक्ष नाही, आत्ता जाऊन सांग. मी त्याला म्हटलं, तुला तुझ्याच देशाची पद्धत कळत नाही."

मामांवर मी पुष्कळदा रागावले आहे, पण त्या दिवशी रागावता आलं नाही. मामींच्या नेहमीच्या खुर्चीत मी बसून राहिले. माझा चहा मामांनी केला. साखर घालायची राहिली होती, तरी मी तो सगळा प्यायले. जाताना पाहिलं, तर मामींचे दोन्ही स्वेटर खुंटीवर तसेच होते.

मुलगा अजून दर आठवड्याला बोलावतो. मामा म्हणतात, सध्या काळजीवाहू सरकार आहे आणि त्याला धोरणाचे निर्णय घेता येत नाहीत. ग्रीसच्या बातम्या त्यांनी सोडल्या. पिझ्झावाला मात्र आता स्वतःहून तिकडची एखादी बातमी सांगतो, आणि मामा नुसते "असं का" म्हणून पिझ्झा घेऊन घरी येतात.

जूनच्या शेवटी एका दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, हीटिंग बंद पडलं. आपोआप. बाहेरच शहात्तरच्या वर गेलंय." मग म्हणाले, "मी हात लावलेला नाही हं."

"माहीत आहे मामा."

"ऑक्टोबरात लागेल परत," ते म्हणाले. "तू ये चहाला."