गिळायची वेलांटी

हॉटेलात भांडी आणि किस्से कधी संपत नाहीत. एक ढीग निपटतो तोवर दुसरी गाडी येऊन थांबते. आमचं हॉटेल पोलादपूरला, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्याच्या अलीकडं. मी भाकऱ्या थापते, काशी भाजी चिरते, सुनंदा भांडी घासते. मधे आमच्या शेठच्या डोक्यात एक शब्द शिरला, तेव्हापासूनचे हे किस्से.

झालं असं, मुंबईच्या चार पोरांनी काशीला विचारलं, "मावशी, पुलाव कुठला?" काशी बोलली, "येजीटेबल." पोरं खिदळली. एकाने तिला परत बोलायला लावून मोबाइलवर घेतलं. मी चुलीपुढून उठले. म्हटलं, "पुसून टाक ते, नायतर तुझा मोबाइल पुलावात घालीन!" पुसलं त्याने. पण शेठला लाज वाटली. त्याने सांगून टाकलं, "हा शब्द जी नीट बोलेल ती काउंटरला. नुसती ऑर्डर घ्यायची. पाणी नाय, चूल नाय."

मला चूल बरी. काशीने खांदे उडवले. सुनंदा मात्र आपल्या हातांकडं बघत राहिली. साबणाने तिच्या बोटांना भेगा पडल्यात, रक्त येतं. महाडच्या डॉक्टरने सांगितलंय, हात पाण्यात घालू नका. न घालून कसं चालेल? घरी खाणारी तोंडं आहेत.

*

शेठची सून ठाण्याची, शिकलेली. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तिची शाळा भरायची.

"व्हे-जी-टेबल नाही. व्हेज्टेबल! मधली वेलांटी गिळायची."

"मग लिहिली कशाला?" मी विचारलं.

"लिहायची असते, बोलायची नसते."

काशीचा नवरा मुंबईला, गणपतीपुरता उगवतो. ती विळीवरून म्हणाली, "कळलं गो! आमच्या नवऱ्यासारखं. रेशनकार्डावर हाय, घरात नाय!"

त्या दिवशीची शाळा तिथंच सुटली.

*

मी चौथी शिकलेली, पण ऐकून ऐकून मलाही यायला लागलं. महाडच्या बाजारात जरा ऐटीत विचारलं, "काय रे, ताजं व्हेज्टेबल काय हाय?"

भाजीवाल्याने टोपल्यांवरून नजर फिरवली. म्हणाला, "ते आज आलं नाय मावशी. फ्लॉवर घ्या!"

*

सुनंदा दिवसभर मोरीवर तोच शब्द घोळवायची. हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्यायला लावलं, तर उभी राहून बोलली,

"व्हेज्टेबल पुलावात घातला मटार न् गाजर,
सुरेशरावांचं नाव घ्यायला मी कायम हजर!"

शब्द अगदी चोख! बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासू म्हणाली, "नाव घेतलंस का भाजी निवडलीस?"

*

एकदा सूनबाईंना माहेरचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आई म्हणाली, "अगं, आज व्हेजीटेबल कटलेट केलेत!"

आम्ही तिघींनी एकदम सूनबाईंकडं बघितलं. त्यांनी फोन घेतला आणि अंगणात गेल्या.

*

शेवटी शेठने सुनंदाला काउंटरवर उभं केलं. "आज तुझी परीक्षा. एकदा जरी चुकलीस तर परत मोरी!" आणि स्वतः तिच्या मागं उभा राहिला. सकाळभर ती एकदाही चुकली नाही.

दुपारी एक म्हातारा आला, वरच्या वाडीतला. सोबत मुंबईचा मुलगा, सून, नात. म्हाताऱ्याने कोरी टोपी घातलेली. नातीला जवळ घेऊन मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बायला येजीटेबल पुलाव सांगा!"

सून हसली. "बाबा, हळू बोला. लोक ऐकतात." मुलगा मोबाइलात बघत राहिला. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुनंदा ऑर्डर घ्यायला गेली. सून म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा यांना. काय म्हणतात याला?"

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली. शेठ दोन पावलं पुढं आला. सुनंदाने त्याच्याकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं.

"येजीटेबल पुलाव!" ती बोलली. अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं, वेलांटी ताणून. "गरमागरम हाय बाबा. किती आणू?"

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली. "चार आण गो बाय!"

शेठ लालबुंद. "सुनंदा!"

तिने मान वर न करता चिठ्ठी लिहिली आणि त्याच्याच हातात ठेवली. "चार येजीटेबल. उभे काय ऱ्हायलात शेठ, आत सांगा जावा!"

आणि शेठ गेला.