हवेची गोणी

"आजोबा, झोपेत तुमचा श्वास थांबतो," शिरवण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. म्हणजे झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, हृदयावर ताण येतो.

मी म्हणालो, "बाई, तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहिल्या. माझा दम कुणी काढला नाही."

"जागेपणी नसेल काढला."

बायको, हौसा, शेजारीच होती. "गुदमरून उठत्यात, बाई. श्वास परत थांबंल म्हणून मी रातभर बसून असते."

ती बसून असते हे मला ठाऊकच नव्हतं.

सीपॅप मशीन घरी आलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतनं हवा दाबानं येते, घसा उघडा राहतो. पहिल्या रात्री डोळा लागला न लागला तोच छातीवर गोणी कोसळल्यासारखं झालं. मास्क ओरबाडून फेकला. दुसऱ्या रात्री गोणीचं तोंड आवळतात तसे पट्टे आवळले. नाक सोललं, आणि हवा तरी फसफस बाहेरच.

"मशीन परत करा," मी घरात सांगून टाकलं. "मरण यायचं तर येऊ दे."

माझ्या उशाशी बसायला हौसानं पाट आणून ठेवला.

त्या पाटानं मला पुन्हा दवाखान्यात नेलं.

बाईंनी मास्क लावून मला समोर बसवलं. "आजोबा, हवा आली की दम का धरता?"

तेव्हा उमगलं. पाठीवर ओझं येताना आम्ही हमाल दम धरतो, नाहीतर कंबर जाते. दाब आला की माझं अंग आपोआप तेच करत होतं.

बाईंनी पट्टे सैल केले. दाब हळूहळू वाढेल अशी मशीनला सोय होती, ती लावली. "आधी दिवसा, टीव्ही बघताना घालून बसा. सवय होईल."

हौसा म्हणाली, "आवं, थप्पीवर गोणी टाकल्यावर हुश्श करता न्हवं? तसं करा की."

तसंच करतो. अजून कधी दचकून जाग येते. मग उठून बसतो, मास्क काढून हातात धरतो, सावकाश हुश्श करतो आणि परत लावतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण जे कोणी मशीन कपाटावर टाकून मिशीला पीळ देत बसलेत, त्यांना सांगतो: ते ओझं नाही, त्याच्याशी झुंजू नका. आणि उशाशी कोण जागं आहे ते एकदा बघा.

काल पहाटे डोळे उघडले, तर हौसा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. तिच्या पाटावर आता मशीन बसतं.